‘आतून’ म्हणजे नेमकं कुठून?

पत्र, थोडक्यात : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सहा महिन्यांची असल्यापासून तिला इसब आहे. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या लवणीत आणि मानेवर चट्टे येतात. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की बरं वाटतं, थांबवलं की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उठतं. पाच महिन्यांपूर्वी वाचनात आलं की इसब असणाऱ्यांच्या त्वचेत चयापचयाचे बदल सापडतात. तेव्हापासून वाटतंय की दुखणं आतलं आहे आणि आपण नुसती वरून डागडुजी करतोय. मी मलम बंद केलं. तिचं दूध, अंडी, गहू, शेंगदाणे आणि साखर बंद केली. पहिले तीन आठवडे फरक वाटला, मग पुन्हा जैसे थे. आता ती रात्री तीन-तीनदा उठून खाजवते, वजन दीड किलोनं उतरलंय. तिचे बाबा म्हणतात मलम सुरू करू. मला वाटतं, इतकं सोसलं, आता माघार कशाला? परवा तिनं विचारलं, ‘आई, मी हे खाल्लं तर आतून खराब होईन का?’ मला उत्तर देता आलं नाही. चयापचय सुधारायला कोणत्या तपासण्या करू? की माझंच काही चुकतंय?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या एका प्रश्नाशी मी थबकले. तो तुमचा नाही, लेकीचा आहे. बाकीचं सवडीनं बोलू, पण तिचं उत्तर आधी देते, कारण ते तिला आज रात्री झोपण्याआधी मिळायला हवं. तिला जवळ घ्या आणि सांगा, ‘नाही गं, तू आतून खराब वगैरे नाहीस आणि होणारही नाहीस. तुझ्या कातडीला पाणी धरून ठेवायला जरा जड जातं, म्हणून ती चिडते. तिला आपण दोघी मिळून मदत करू.’ नऊ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. आणि हे तिची समजूत काढण्यापुरतं नाही, ते खरं आहे.

आता तुमच्याकडे येते.

तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही. इसब असलेल्या त्वचेतलं रसायन वेगळं असतं, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसून आलंय. मला विचारायचंय ते तुमच्या एका छोट्या शब्दाबद्दल. ‘दुखणं आतलं आहे’ असं तुम्ही लिहिलंत. आतलं म्हणजे कुठलं? पोटातलं? रक्तातलं? यकृतातलं? ‘चयापचय’ वाचलं आणि तुमची नजर थेट तिच्या ताटाकडे गेली. साहजिक आहे. हा शब्द आपण एरवी पचनाच्या, वजनाच्या, मधुमेहाच्या बोलण्यातच ऐकतो. पण तुम्ही वाचलेल्या वाक्यात त्याच्या आधी आणखी एक शब्द होता : ‘त्वचेत’. सगळी मेख तिथे आहे.

हे बदल शोधतात कसे, ते सांगते. हाताच्या कातडीवर नाण्याएवढी चिकटपट्टी दाबून लावायची आणि अलगद ओढून काढायची. मग त्याच जागी दुसरी, तिसरी, दहावी. प्रत्येक पट्टीबरोबर कातडीचा एक पापुद्रा निघून येतो. तो इतका पातळ असतो की पट्टी जरा धुरकट झाल्यासारखी वाटते, बाकी काही दिसत नाही. प्रयोगशाळेत त्या धुरकट पट्टीवरची द्रव्यं मोजतात. तुम्ही वाचलेले पुष्कळसे बदल या पट्ट्यांवर सापडले आहेत. तळवे-तळपाय सोडले तर हा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही पातळ असतो. तुम्ही ज्याला ‘वरवर’ म्हणता ना, तेच या संशोधनातलं ‘आत’ आहे.

या पातळ थरातल्या पेशी मेलेल्या असतात. पण तिथलं रासायनिक काम थांबलेलं नसतं, उलट काही कामं तिथेच होतात.

त्यातलं एक फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं. खालच्या पेशींमध्ये हे प्रथिन तयार होतं आणि पेशी वर सरकत सरकत पृष्ठभागाशी आल्या की त्याचे तुकडे होतात. तुकडे होणं म्हणजे बिघाड नव्हे, ते त्याचं ठरलेलं कामच आहे. त्यातून सुटणारी अमिनो आम्लं आणि त्यांच्यापासून बनणारी आणखी काही द्रव्यं पाणी धरून ठेवतात. कातडी मऊ राहते ती त्यांच्यामुळे. 2006 साली संशोधकांना आढळलं की फिलॅग्रिनच्या जनुकात दोष असलेल्यांना इसब होण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणजे काही मुलं जन्मतःच या द्रव्याची तुटपुंजी शिदोरी घेऊन येतात. पण गोष्ट इथे संपत नाही. ज्यांचं जनुक अगदी धड आहे त्यांच्याही त्वचेत, इसबाची सूज आली की फिलॅग्रिन कमी बनू लागतं. हे ध्यानात ठेवा, याकडे मी परत येणार आहे.

दुसरं काम स्निग्ध द्रव्यांचं. मेलेल्या पेशींच्या मधल्या फटी त्वचा स्वतः बनवलेल्या स्निग्धांनी लिंपून घेते. वजनानं त्यातली जवळपास निम्मी सिरॅमाइड्स असतात, साधारण पाव कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. इसबात सिरॅमाइड्स कमी पडतात. शिवाय जी बनतात त्यांच्यात आखूड साखळीच्या रेणूंचं प्रमाण वाढतं. लांब रेणू एकमेकांना खेटून घट्ट बसतात, आखूड रेणूंच्या मध्ये सांदी राहतात. त्या सांदीतून पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. आणि एक गोष्ट सगळ्या इसबवाल्या घरांनी कानात घालून ठेवावी अशी आहे. हे बदल नुसत्या चट्ट्यावर नसतात. शेजारच्या, डोळ्यांना अगदी साफ दिसणाऱ्या त्वचेतही ते कमी प्रमाणात असतात. ‘आता चट्टे गेले, क्रीम राहू दे’ हे आपलं नेहमीचं चुकणारं गणित आहे ते यामुळे.

तिसरी गोष्ट आम्लतेची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो. त्याचा पीएच 4.5 ते 5.5 च्या आसपास असतो. इसबात तो वर सरकतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. पाऊण-एक अंकाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट. सिरॅमाइड्स बनवणाऱ्या एन्झाइम्सना, म्हणजे रासायनिक कामं घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, आंबटपणा लागतो, तो कमी झाला की त्यांचं काम मंदावतं. याउलट पेशींमधले टाके उसवणारी एन्झाइम्स आंबटपणा कमी झाला की जोरात चालतात. म्हणजे बांधणारे हात ढिले पडतात आणि उसवणारे हात वेगानं चालू लागतात. त्यातच स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जंतूला असं वातावरण मानवतं. इसबाच्या चट्ट्यांवर तो दहापैकी सुमारे सात जणांत सापडतो, आणि त्याची विषद्रव्यं सूज आणखी भडकवतात.

माझ्या धाकट्या भावाला इसब होता. सकाळी आई त्याची चादर खिडकीशी नेऊन झटकायची, तेव्हा उन्हाच्या तिरिपेत बारीक पांढरा भुगा तरंगताना दिसायचा. मी लहान होते, मला वाटायचं ती त्याच्या अंगातली घाण निघतेय. पुढे त्वचारोगांचं शिक्षण घेताना त्या उसवणाऱ्या एन्झाइम्सबद्दल पहिल्यांदा वाचलं आणि ती चादर डोळ्यांसमोर आली. तो भुगा म्हणजे घाण नव्हती. टाके वेळेआधी उसवलेल्या त्याच्या चांगल्या पेशी होत्या त्या. ‘आतली घाण बाहेर पडतेय, पडू दे’ असं कुणी म्हटलं की मला अजून पोटातून कळवळायला होतं, कारण ते ऐकून आम्ही त्याचं मलम दोनदा बंद केलं होतं. दोन्ही वेळा तो रात्र रात्र जागला.

आता मघाच्या धाग्याकडे. सूज आली की फिलॅग्रिन कमी बनतं, असं मी म्हटलं. सिरॅमाइड्सच्या साखळ्या आखूड होतात त्याही बऱ्याचशा सुजेमुळे. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातले दोन निरोप, इंटरल्यूकिन-4 आणि इंटरल्यूकिन-13, त्वचेतल्या पेशींना हे काम आवरतं घ्यायला लावतात. त्वचा कमकुवत झाली की बाहेरचं आत शिरतं, त्यानं सूज वाढते, सुजेनं त्वचा आणखी कमकुवत होते. हे रहाट कुठूनही सुरू होतं आणि फिरतच राहतं. म्हणूनच ते कुठूनही थांबवता येतं. तीव्र इसबासाठी ड्युपिल्युमॅब नावाचं एक इंजेक्शन 2017 पासून वापरात आहे. ते याच दोन निरोपांची वाट अडवतं. ते घेणाऱ्या रुग्णांची त्वचा तपासली तेव्हा स्निग्धांची घडण निरोगी त्वचेच्या जवळ सरकलेली दिसली आणि त्वचेतून उडून जाणारं पाणीही कमी झालं. तुमच्या लेकीला ते इंजेक्शन लागेल असं मी मुळीच सुचवत नाही. सांगायचं ते एवढंच की सूज उतरवणं म्हणजे चयापचय सुधारणंच आहे. तुम्हाला जे आतून व्हायला हवंय ते बाहेरून लावलेल्या मलमानंही होतं, कारण मलम नेमकं त्याच जागी पोचतं.

तुमच्या वाचनात बहुधा आणखी दोन गोष्टी आल्या असतील. सुजलेल्या त्वचेतल्या पेशी ग्लुकोज जास्त जाळतात, आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून त्वचेवरचे जंतू बनवतात ती काही उपयोगी द्रव्यं इसबात कमी असतात. दोन्ही खरं आहे. तुम्ही साखर बंद केलीत ती पहिल्या वाक्यामुळेच असणार. पण पेशी घाईनं वाढत असल्या, सुजेशी झुंजत असल्या की त्यांना जास्त इंधन लागणारच. राख सापडली म्हणून आग राखेनं लावली असं होत नाही. अशा अभ्यासांतल्या पुष्कळ बदलांची हीच गत आहे. ते आजाराचं कारण आहेत की आजाराच्या खुणा, हे प्रत्येकाबाबतीत वेगळं सिद्ध करावं लागतं. जास्त गोड न खाणं दातांसाठी आणि एकूण तब्येतीसाठी चांगलंच, ते जरूर चालू ठेवा. पण त्यातून चट्टे जातील अशी आशा तिला दाखवू नका. ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांच्या वाटेलाही जाऊ नका.

आता दूध, अंडी, गहू, शेंगदाणे. इथे मला जरा कळकळीनं बोलायचंय, रागावू नका.

इसब असलेल्या काही मुलांना अन्नाची अ‍ॅलर्जी असते, हे खरं. तीव्र इसब असेल तर जास्त. पण बहुतेक वेळा ती अ‍ॅलर्जी लपून राहत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. असं तिला कधी झालं असेल तर तो पदार्थ बंदच ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. पत्रात तरी तसं काही दिसलं नाही. अ‍ॅलर्जी नसताना चार-पाच पदार्थ सरसकट तोडण्यानं इसबात झालाच तर फार थोडा फरक पडतो, आणि वाढत्या मुलीकडून त्याची किंमत मोठी वसूल होते. या वयात वजन वाढायला हवं. ते दीड किलो उतरलं, याचीच मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली, चट्ट्यांपेक्षाही.

दुसरा धोका फारसा कुणी सांगत नाही. इसब असलेल्या मुलांच्या शरीराला, अन्नाचे कण तुटक्या त्वचेतून आत जाऊन, त्या अन्नाविरुद्ध चिथावणी मिळू शकते. पोटावाटे नियमित जाणारं अन्न मात्र शरीराला ‘हे आपलं आहे’ असं शिकवत राहतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 तान्ही बाळं होती. निम्म्यांना शेंगदाणे लवकर सुरू केले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिलेच नाहीत. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न दिलेल्या बाळांपैकी, टाळणाऱ्या गटात पुढे 13.7 टक्क्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्या गटात 1.9 टक्क्यांना. टाळणं हे नेहमीच सुरक्षित पाऊल नसतं. म्हणून तर एक सावधगिरी : इतके महिने बंद ठेवलेले पदार्थ उद्या सकाळी एकदम तिच्या ताटात वाढू नका. पूर्वी बिनधास्त पचणारा पदार्थही दीर्घ खंडानंतर क्वचित जोरदार प्रतिक्रिया देतो. कोणता पदार्थ घरी सुरू करायचा, कोणता डॉक्टरांसमोर, किती दिवसांच्या अंतरानं, हे बालरोगतज्ज्ञांना किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आहारतज्ज्ञ भेटले तर फारच उत्तम. हे काम या आठवड्यातच करा.

आणि पहिले तीन आठवडे फरक वाटला तो? इसब लाटेसारखं येतं-जातं. आपण नवं काही सुरू करतो ते बहुधा लाट अगदी वर असताना, धीर सुटल्यावर. त्यानंतर ती उतरणारच होती. या चकव्यात मी डॉक्टरांनाही सापडलेलं पाहिलंय.

तपासण्यांबद्दल विचारलंत. त्वचेतल्या चयापचयाची तपासणी हे अजून संशोधनाचं साधन आहे, उपचार ठरवण्यासाठी ती कुणी रोज वापरत नाही. रक्ताच्या साध्या तपासण्यांत सिरॅमाइड्सची घडण दिसत नाही. शेकडो पदार्थांची ‘असहिष्णुता’ एका झटक्यात सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या मात्र करूच नका. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड, ते वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ आपण खातो, एवढंच. ती यादी हातात आली की आणखी दहा पदार्थ तुटतील. आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, मोजणाऱ्या चाचणीला अर्थ आहे, पण तोही अंगावर दिसलेल्या प्रतिक्रियेशी जोडून पाहिला तर. मुळात लक्षणं नसताना ती चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर घरात भीतीच वाढते. वजन उतरलंय म्हणून तिचं हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व असं काही पाहायचं का, ते मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

मग राहतं स्टेरॉइड. तुमची भीती मला समजते आणि ती अगदीच निराधारही नाही. तीव्र स्टेरॉइड चेहऱ्यावर, काखेत, जांघेत महिनोन् महिने चोळत राहिलं तर कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात. बराच काळ रोज वापरून एकदम बंद केलं तर काही जणांना आग होऊन लाली भडकते. पण हे सारं चुकीची तीव्रता, चुकीची जागा आणि बेहिशेबी दिवस यांचं फळ आहे. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड 1952 पासून वापरात आहे. योग्य तीव्रतेचं मलम, दिवसातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या दिवसांपुरतं लावलं तर मुलांमध्येही ते सुरक्षित आहे, हे एवढ्या वर्षांत भरपूर पारखून झालंय. चेहरा आणि मानेसाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमंही असतात. तुमच्या लेकीला मानेवर चट्टे आहेत म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पण ओळखीच्या कुणी सुचवलेलं, तीन-तीन औषधं एकत्र असलेलं मलम तिला कधीही लावू नका.

‘मलमानं आजार आत दाबला जातो आणि पुढे दमा होऊन बाहेर येतो’ असंही तुम्हाला कुणी सांगितलं असेल. इसब असलेल्या मुलांमध्ये दमा जास्त आढळतो, हे निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्याचा दोष मलमावर ढकलणं चुकीचं आहे. उघड्या, तुटक्या त्वचेतून अ‍ॅलर्जीकारक कण शिरत राहतात आणि शरीर चिथावलं जातं, हा त्यातला एक दुवा मानला जातो. असं पाहिलं तर त्वचा उघडी राहू देणं हेच जास्त धोक्याचं नाही का?

पत्रातलं ‘थांबवलं की पुन्हा उठतं’ हे वाक्य मी वेगळ्या कानानं ऐकलं. मधुमेहाची गोळी थांबवली की साखर वाढते, म्हणून गोळी निकामी ठरत नाही. पुन्हा उठतं म्हणजे मलम फसलं असं नाही, बहुधा ते लवकर थांबलं. लाली गेली तरी सूज खाली रेंगाळत असते. हात फिरवून पाहा. कातडी अजून खरबरीत, जाडसर लागते का? लागत असेल तर काम राहिलंय. आणि वारंवार उठणाऱ्यांसाठी एक पद्धत असते. चट्टे पूर्ण शमल्यावर, नेहमी उठणाऱ्या त्या ठरावीक जागांवर आठवड्यातून दोनच दिवस मलम लावत राहायचं. यानं पुढच्या लाटा कमी होतात हे चाचण्यांतून दिसलंय. तुमच्या डॉक्टरांशी याबद्दल नक्की बोला.

मात्रेचा गोंधळ तर जवळजवळ प्रत्येक घरात असतो. भीतीपोटी आपण टिकलीएवढं मलम घेऊन वीतभर पसरवतो. माप असं : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून सरळ रेघ काढायची. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मॉइश्चरायझर मात्र हात राखून लावायचं नाही. अंगभर, दिवसातून किमान दोनदा, साफ त्वचेवरसुद्धा. मुलांना आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागू शकतं. महिनोन् महिने एकच छोटी डबी पुरत असेल तर ते कमी पडतंय हे नक्की. महाग, सुगंधी काही नको. वास नसलेलं, जरा घट्ट आणि तिला आवडणारं असावं. सिरॅमाइड असलेलं घेतलं तर चालेल, पण साध्या मॉइश्चरायझरपेक्षा ते खूप सरस ठरतं असं ठामपणे म्हणता येत नाही. ऑलिव्ह तेल टाळा, त्यातल्या ओलेइक आम्लानं त्वचेचं कवच ढिलं पडतं.

आंघोळीचा साबण आजच बदला. नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. ज्या त्वचेला आधीच आंबटपणा टिकवता येत नाही, तिच्यावर आपण रोज हे ओततो. साबण नसलेलं, त्वचेच्या पीएचला जुळणारं सौम्य क्लेन्झर घ्या. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटांत आंघोळ, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर क्रीम. चट्ट्यांवर औषधी मलम लावायचं असेल तर त्याच्यात आणि क्रीममध्ये काही मिनिटांचं अंतर ठेवा. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलांवर खर्च करू नका. 2018 मध्ये 480हून जास्त मुलांवर झालेल्या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही.

रात्रीचं म्हणाल तर, त्वचेतून पाणी उडण्याचं प्रमाण संध्याकाळनंतर वाढतं आणि खाजही. म्हणून शेवटचा हात झोपण्याच्या तोंडावर फिरवा. नखं आठवड्यातून दोनदा कापा, खोली गार ठेवा, सुती कपडे घाला. ‘खाजवू नकोस’ मात्र म्हणू नका. खाजवणं तिच्या हातात नाही, त्या शब्दांनी तिला फक्त अपराधी वाटतं. त्याऐवजी गार क्रीमची डबी उशाशी ठेवा आणि खाज सुटली की तिथे क्रीम दाबून लावायला शिकवा. माझ्या भावाला आई हेच शिकवायची. अंधारात डबीच्या झाकणाचा आवाज आला की कळायचं, हा उठलाय आणि आपलं आपण लावतोय.

एक गोष्ट विसरू नका. चट्ट्यांवर एकाएकी सारख्या आकाराचे बारीक फोड किंवा टोचून काढल्यासारखे छोटे व्रण उठले, दुखू लागले, ताप आला, तर ती साधी लाट नाही. नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. चट्टे पिवळट खपल्या धरून ओघळू लागले तरी लवकर दाखवा.

‘माझंच काही चुकतंय का’ असं तुम्ही विचारलंत. तान्हेपणी रोज क्रीम लावलं असतं तर हे झालंच नसतं, असंही मनात येत असेल. सुमारे 1,400 नवजात बाळांवरच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर रोज क्रीम लावूनही इसब टळलं नाही. तुमच्या हातून निसटलेलं असं काही नव्हतं. तुम्ही एक खरी गोष्ट वाचलीत आणि लेकीसाठी तिचा अर्थ लावलात. तो अर्थ एका शब्दाच्या फरकानं चुकला, पण माया चुकली नाही. मलम पुन्हा सुरू करणं म्हणजे माघारही नाही आणि नवऱ्यापुढे हारही नाही. त्यांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे सूचना दोघांनी एकदमच ऐकलेल्या असतील आणि घरी त्यावरून वाद होणार नाही. जाताना जुन्या मलमांच्या नळ्या, काय काय खायचं बंद केलंत त्याची तारखांसकट यादी आणि तिच्या वजनाची नोंद न्या. पाच महिने मलम बंद होतं हे संकोच न करता सांगा. डॉक्टर चिडले तर, त्यांचा राग तुमच्यावर नसून तिच्या रात्रींच्या हालांवर आहे असं समजा. समजावून सांगायला वेळच देत नसतील तर दुसरे डॉक्टर पाहायला हरकत नाही.

घरी एका वहीत फक्त दोन गोष्टी लिहा : रात्री ती कितीदा उठली आणि दर रविवारी वजन किती. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या आठवड्यात निकाल लावू नका. सहा आठवड्यांनी ती वही उघडून मला पुन्हा लिहा. आणि खाण्यावरची बंधनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं सैल झाली, मैत्रिणींबरोबर बसून तिला पोटभर खाता आलं, की तेही कळवा.